जठरात पॉलिप आढळल्यास मोठ्या आतड्याची तपासणी केव्हा करावी?

एंडोस्कोपीच्या अहवालात ‘जठरात पॉलिप’ असे शब्द वाचून अनेकांना कर्करोगाची भीती वाटते. पॉलिप म्हणजे आतील अस्तरावर वाढलेला लहान मांसल उंचवटा. जठरातील बहुतांश पॉलिप निरुपद्रवी असतात आणि ते आतड्यात पसरत नाहीत. तथापि, काही व्यक्तींमध्ये ते मोठ्या आतड्यातील विकाराची पूर्वसूचना ठरू शकतात.

पॉलिपचे प्रकार

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या आम्लरोधक गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने ‘फंडिक ग्रंथी पॉलिप’ होऊ शकतात; त्यांपासून सहसा धोका नसतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणूमुळे जठरास दीर्घकाळ दाह राहिल्यासही पॉलिप वाढतात. ‘ॲडेनोमा’ हा प्रकार मात्र पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतो. प्रकाराचे निश्चित निदान बायोप्सीनेच होते.

पुढील स्थितीत मोठ्या आतड्याच्या तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे

• तरुण वयात, आम्लरोधक गोळ्या न घेताही, जठरात अनेक पॉलिप आढळणे
• बायोप्सीत ॲडेनोमाचे निदान होणे
• आईवडील किंवा भावंडांपैकी कोणास मोठ्या आतड्याचा कर्करोग अथवा अनेक पॉलिप असणे
• शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, अकारण वजन घटणे किंवा रक्तक्षय

आनुवंशिक विकार

एपीसी जनुकातील दोषामुळे होणाऱ्या आनुवंशिक विकारात जठराबरोबरच मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप निर्माण होतात. वेळीच उपचार न झाल्यास, बहुधा पन्नाशीपूर्वीच, कर्करोग जवळपास अटळ असतो. हा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता 50 टक्के असते. म्हणून अशा कुटुंबातील मुलांची तपासणी साधारणतः 10 ते 12 वर्षे वयापासून सुरू करतात.

आपण काय करावे?

मोठ्या आतड्यातील सामान्य पॉलिपचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा 10 वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या काळात कोलोनोस्कोपीद्वारे तो काढून टाकल्यास कर्करोग टाळता येतो.

शौचावाटे जाणारे रक्त मूळव्याधीचेच आहे, असे गृहीत धरू नये. चालू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. बायोप्सीचा अहवाल जपून ठेवावा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: “माझा पॉलिप कोणत्या प्रकारचा आहे? मोठ्या आतड्याची तपासणी आवश्यक आहे काय?”