सव्वाशे किलोमीटरची सबब

१. मियाँदादला शिव्या घालता घालता मी त्याच्यासारखीच बॅट धरायला लागलो होतो, हे कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली. १८ एप्रिल १९८६, शारजा. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार हवे, चेतन शर्माचा फुलटॉस आणि सिक्सर! शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसलेले आम्ही वीस-पंचवीस जण चपला शोधत मुकाट बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी वाडीत खेळताना मात्र चेतन शर्मा व्हायला कोणी तयार नाही आणि मियाँदाद व्हायला सगळे. माझा सिक्सर चिकूच्या झाडांत गेला. तो बॉल अजून सापडायचा आहे.

२. ‘लांब पडतं’ हे दोन शब्द फार सोयीचे असतात. अठराव्या वर्षी मुंबईत एका क्लबच्या निवड चाचणीला जायचं होतं. आईने डबाही भरून दिला. मी डहाणूच्या स्टेशनवर गेलो, शटल आली, शटल गेली, आणि मी समुद्रावर बसून डबा खाल्ला. डहाणू लांब, गाडी बेभरवशाची, एवढं किट घेऊन चढायचं कसं – सबबी पाठ होत्या. पुढे फोर्टात नोकरी लागली. गेली तीस-बत्तीस वर्षं मी तेच सव्वाशे किलोमीटर रोज जातो आणि रोज परत येतो. तेव्हापासून अंतराबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. पगार होता ना!

३. त्यामुळे शार्दूल ठाकूरचं कौतुक करताना माझा घसा थोडा कोरडा पडतो. पालघरचा, शेतकऱ्याचा मुलगा. म्हणजे आमच्याच लाइनवरचा. बोईसरच्या शाळेकडून खेळताना तो बोरिवलीच्या दिनेश लाड सरांच्या नजरेत भरला. रोहित शर्माचेही सर तेच. त्यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत बोलावलं. घरच्यांना रोजच्या प्रवासाची धास्ती वाटली, तेव्हा सरांनी त्याला आपल्याच घरी ठेवून घेतलं. शालेय सामन्यात एका षटकात सहा षटकार त्याने नंतर मारले. पण त्याआधी कोणीतरी आपल्या घरात एक अंथरूण वाढवलं, हे मला षटकारांहून मोठं वाटतं. अर्थात पुढची किती तरी वर्षं त्याला गाडीने ये-जा करावीच लागली. त्या काळात लोकल विरारलाच संपायची. डहाणूपर्यंत ती २०१३ मध्ये आली. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतल्यावरही हा गडी अंधेरीला लोकल पकडून घरी गेला. ते वाचलं त्या दिवशी मी ऑफिसातून टॅक्सीने दादरला आलो होतो. पाय दुखत होते म्हणून.

४. दहा चेंडू म्हणजे कसोटी कारकीर्द, असंही होऊ शकतं. ऑक्टोबर २०१८, हैदराबाद, वेस्ट इंडीजविरुद्ध शार्दूलचं पदार्पण. दहा चेंडू टाकले आणि जांघेच्या दुखापतीने बाहेर. पुढची कसोटी थेट जानेवारी २०२१, ब्रिस्बेन. धावफलक ६ बाद १८६, समोर कमिन्स, आणि याने डावातलं खातंच षटकाराने उघडलं! ६७ केल्या, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ जोडल्या, सामन्यात सात बळी. मधली सव्वादोन वर्षं त्याने काय विचार केला असेल, ते मला ठाऊक नाही. मी एका बढतीसाठी अकरा महिने थांबलो, तर घरात कोणाशी धड बोललो नव्हतो.

५. आपल्या माणसाला काही न मिळतासुद्धा सामना जिंकता येतो. १४ ऑक्टोबर २०२३, अहमदाबाद, विश्वचषक, समोर पाकिस्तान. सकाळपासून डहाणू रोडवरून जाणाऱ्या गाड्या निळ्या शर्टांनी भरलेल्या. पाकिस्तान १९१ वर सर्वबाद. बुमरा दोन, सिराज दोन, हार्दिक दोन, कुलदीप दोन, जडेजा दोन. आणि शार्दूल? दोन षटकं, बारा धावा, शून्य. फटाके वाजत होते आणि मी खुळ्यासारखा त्या शून्याकडे बघत होतो.

६. मला सांगायला सर्वांत जड जाणारी गोष्ट. काही वर्षांपूर्वी गर्दीच्या लोकलमध्ये एक पोरगा किटबॅग घेऊन चढला. बॅग माझ्या गुडघ्याला लागली. ‘‘एवढं सामान घेऊन लगेजच्या डब्यात जाता येत नाही का?’’ मी ओरडलो. तो बॅग पायांत घेऊन विरारपर्यंत एका पायावर उभा राहिला. तो शार्दूल होता, असं सांगायचा मोह होतो. पण शार्दूल तेव्हा भारताकडून खेळत होता. हा कोण होता, कुठे पोहोचला, कोणास ठाऊक.

गेल्या हिवाळ्यात तलासरीकडे भात कापलेल्या शेतात टेनिस बॉलच्या स्पर्धेत अंपायर म्हणून उभा होतो. एक अनवाणी पोरगा असा काही यॉर्कर टाकत होता की स्टंप उडून कीपरच्या अंगावर जात होते. मी म्हटलं, ‘‘मुंबईला चाचणीला का जात नाहीस?’’

‘‘कसा जाणार, काका?’’

तलासरीला स्टेशन नाही. आधी डहाणू किंवा उंबरगाव गाठायचं, मग गाडी. ‘हो रे, लांब पडतं,’ हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तुम्ही आमच्या लाइनवर प्रवास करत असाल, तर एक करा. किटबॅग घेऊन कोणी पोर चढलं, तर ती वर रॅकवर ठेवायला हात द्या.