दरवाजे दिवाळीनंतर रंगवा

दसरा जवळ आला की भिलाईत घरोघरी रंगकाम निघते. भिंतींचे एक वेळ ठीक, पण घरातले दरवाजे त्या घाईत रंगवू नयेत, हे मी अनुभवाने सांगते. आमच्याकडचे दरवाजे ऐन सणाच्या तोंडावर रंगवून झाले. रंगाऱ्याचा हात चांगला होता, रंगही उत्तम प्रतीचा. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांनी वाखाणले. उन्हाळा लागला तसे बाथरूमच्या दाराचे खालून पापुद्रे सुटू लागले आणि स्वयंपाकघराच्या दारावर, कडीभोवतीचा तळहाताएवढा रंग नखाने सोलून निघाला.

बाथरूमच्या दाराचे कारण लाकडातच होते. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. तेवढे दिवस लाकूड ओल पिते, दार फुगून चौकटीला घासते. ती ओल जिरायच्या आत ऑइल पेंट चढवला की ती आत कोंडते आणि पुढे ऊन तापले की बाहेर पडताना रंगाला उचलते. मे महिन्यात उलटा त्रास. पारा 44-45 अंशांना टेकतो, ब्रश फिरेपर्यंत टर्पेंटाइन उडून जाते, रंगाला पसरून सपाट व्हायला सवड मिळत नाही आणि ब्रशच्या रेघा तशाच वाळतात. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ धरावा. रंगारीही तेव्हा निवांत भेटतो.

जुन्या सेक्टरमध्ये राहणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली, आणि वसाहतीतली कित्येक घरे त्याच सुमाराची आहेत. अशा घरांच्या दारांवर रंगाचे थरावर थर असतात. घरगुती रंगात शिसे 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम देशात लागू झाला तो 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता असते, आणि कोरडे घासले की तेच धुळीतून घरभर पसरते. लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला ते घातक. तेव्हा जुना रंग मशीनने घासू नका, जाळून तर मुळीच काढू नका. पाणीपेपर भिजवून हाताने घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा. खाली प्लॅस्टिक अंथरून त्यावरचा चिखल तसाच गुंडाळून पिशवीत बांधा, अंगणात झाडू नका.

घासण्याआधी दार धुवायचे, हे बहुतेक जण विसरतात. कडीभोवती वर्षानुवर्षे हाताचे तेल बसते, स्वयंपाकघराच्या दारावर फोडणीच्या वाफेचा चिकटा. घासल्याने तो निघत नाही, उलट पसरतो, आणि त्यावर रंग धरत नाही. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने, आणि दार पूर्ण वाळू द्या.

नंतर प्रायमर, त्यावर पातळ लांबी, लांबी वाळल्यावर 220 नंबरचा पेपर. इथे बरेच रंगारी थेट रंगाला हात घालतात. लांबी रंग शोषून घेते आणि तिथे निस्तेज डाग उमटतात, म्हणून लांबीवर प्रायमरचा आणखी एक हात मागून घ्या. दार चिडाच्या लाकडाचे असेल तर गाठींवर आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेला लाखेचा चपडा लावा, म्हणजे गाठीतली राळ रंगातून पिवळी उमटत नाही. कुसुम आणि पळसावरची ही लाख आपल्या छत्तीसगडचीच.

रंग लावण्याआधी रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च दाराला जवळजवळ चिकटवून तिरपा उजेड टाका. दिवसा गुळगुळीत वाटणाऱ्या फळीवर लांबीचा काठ, पेपरचे ओरखडे, अडकलेला ब्रशचा केस, सगळे सावलीसह उभे राहते. तिथे पेन्सिलीने खूण करा आणि सकाळी तेवढेच घासा. गुळगुळीतपणा इथेच ठरतो. रंग दोष झाकत नाही, चकाकीने आणखी दाखवतो.

शक्य असेल तर बिजागऱ्या सोडवून दार आडवे ठेवा, म्हणजे ओघळ येत नाहीत. पंखा बंद, फरशीवर पाण्याचा शिडकावा. रंग जुन्या मलमलीतून गाळा. आधी पॅनल, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्या. ऑइल पेंट वरून आधी वाळतो, जाड थराच्या पोटात ओला राहतो आणि मग सुरकुततो. दोन हातांच्या मध्ये एक रात्र जाऊ द्या आणि 400 नंबरचा पाणीपेपर हलका फिरवा.

दाराची वरची आणि खालची कड कोरी सोडू नका. ती दिसत नाही म्हणून राहते, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरते. दार परत बसवल्यावर पहिले चार-पाच दिवस ते उघडेच ठेवा. हाताला कोरडा लागणारा रंग आतून मऊ असतो, चौकटीला चिकटतो आणि उघडताना काठाचा तुकडा घेऊन येतो. बाथरूमला तेवढे दिवस पडदा लावून भागवा.