काळ्या निकरवरचा फिका पट्टा

प्रश्न : मी नालासोपाऱ्याला राहते, वय २९, नोकरी अंधेरीला. माझ्या गडद रंगाच्या निकर मधल्या भागात फिक्या पडतात, काळ्या रंगावर तर नारिंगी पट्टाच उमटतो. साबण बदलून पाहिला, बोअरच्या पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात धुतल्या, तरी तेच. अंगावरून पांढरं जातं, कधी कमी, कधी जास्त. वास नाही, खाज नाही. महिन्यातले दोन-तीन दिवस मात्र कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं तार धरणारं असतं. सासूबाई म्हणतात, हाडांचं पाणी होऊन जातंय, म्हणूनच तू सारखी दमतेस. हे खरं का? मेडिकलवाल्याने एक गोळी दिली आहे, ती अजून घेतलेली नाही. सासूबाईंची पाळी जाऊन सात वर्षं झाली, त्यांनाही अधूनमधून लालसर डाग दिसतो, पण तो उष्णतेचा असं त्या म्हणतात.
— एक वाचक, नालासोपारा

उत्तर : पत्रातली शेवटची ओळ आधी घेते. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण घाई करायची तर ती सासूबाईंसाठी. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, पुसट गुलाबी डाग जरी पडला, तरी त्याचं खापर उष्णतेवर फोडून गप्प बसायचं नाही. बऱ्याच जणींत शेवटी कोरड्या, नाजूक झालेल्या त्वचेचं किंवा साध्या पॉलिपचं कारण निघतं. साधारण दहातल्या एकीला मात्र गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो, आणि तो लवकर सापडला तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने बरा होतो. डॉक्टर गर्भाशयाचं तोंड पाहतील, सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतील, शंका वाटली तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतील. डाग आपोआप थांबला म्हणून तपासणी पुढे ढकलू नका. याच आठवड्यात त्यांना घेऊन जा.

आता निकर. साबणाचा दोष नाही, बोअरच्या पाण्याचाही नाही. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जीवाणू कायमच्या मुक्कामाला असतात. इस्ट्रोजेनमुळे तिथल्या पेशींत ग्लायकोजेन साठतं, त्यातून हे जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. दह्याला आंबटपणा देतं तेच हे आम्ल. त्यामुळे तिथला सामू साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि उपद्रवी जंतूंना सहसा पाय रोवता येत नाहीत. या जीवाणूंचं वर्णन जर्मन डॉक्टर आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ सालीच करून ठेवलं आहे. दिवसभर त्या आम्लाशी संबंध आला की कापडाचा रंग उडतो. काळी निकर नारिंगी पडते ती त्यामुळेच. म्हणजे तुमच्या निकरवरचा पट्टा आजाराची खूण नाही. उलट आतला बंदोबस्त ठीक चालल्याचीच ती पावती आहे.

दिवसाला १ ते ४ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी स्राव होणं साधं आहे. तो महिनाभर सारखा नसतो. पाळीनंतर काही दिवस जवळजवळ कोरडे जातात. पुढची पाळी यायच्या सुमारे चौदा दिवस आधी स्त्रीबीज सुटतं, त्या सुमारास तुम्ही लिहिलंय तसा पारदर्शक, तार धरणारा स्राव येतो. नंतर तो घट्ट, पांढुरका होतो. गरोदरपणात तो वाढतो, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे बदलू शकतो. घरात अकरा-बारा वर्षांची मुलगी असेल तर तिला हे आत्ताच सांगून ठेवा, कारण पहिली पाळी यायच्या काही महिने आधीपासून पांढरं जाऊ लागतं आणि मुली घाबरतात.

हाडांचं मात्र काही होत नाही. या स्रावात पाणी, श्लेष्मा, झडलेल्या पेशी आणि जीवाणू असतात, हाडातलं काही नसतं. दमण्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. सकाळच्या विरार लोकलमध्ये अंधेरीपर्यंत उभ्याने, संध्याकाळी तीच कसरत उलट्या दिशेने, आणि घरी आल्यावर स्वयंपाक. एवढं केल्यावर कुणीही दमेल. डिंकाचे लाडू खायला हरकत नाही, पण आधी हिमोग्लोबिन तपासा.

तरी सासूबाईंच्या समजुतीला हसू नका. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, ती १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, पण तक्रार सांगितली होती ५५ टक्क्यांनी, आणि याआधी कधी आतून तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. पुढे गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला, तेव्हा उलटंच चित्र दिसलं. पांढरं जाण्याची तक्रार जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, उदासीशी आणि चिंतेशी जास्त जोडलेली निघाली. एकीकडे आजार होता आणि तोंडावर तक्रार नव्हती, दुसरीकडे तक्रार होती पण जंतू सापडत नव्हते. त्यामुळे ‘जास्त जातं का?’ या एका प्रश्नावर मी फारशी भिस्त ठेवत नाही. तुमचा नेहमीचा स्राव कसा असतो आणि त्यात काय बदललं, हे विचारते.

पातळ, राखाडी-पांढरा स्राव आणि माशासारखा वास, विशेषतः संबंधानंतर वाढणारा, असेल तर आतल्या जीवाणूंचा तोल गेलेला असतो. त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. घट्ट, फुटलेल्या दुधासारखा स्राव आणि जीव नकोसा करणारी खाज ही बहुधा बुरशी. मधुमेह असेल, गरोदरपण असेल किंवा नुकतीच अँटिबायोटिक घेतली असतील तर ती जास्त दिसते. पिवळा-हिरवा, फेसाळ, दुर्गंधी असेल तर ट्रायकोमोनास असू शकतो. तो संबंधांतून पसरतो, आणि नवऱ्यानेही एकाच वेळी औषध घेतलं नाही तर पुन्हा परततो. (इथे नवरे हटकून म्हणतात, ‘मला तर काहीच त्रास नाही.’ पुरुषांत बऱ्याचदा लक्षणं दिसतच नाहीत.) यांपैकी काहीही असेल तर दोन-चार दिवसांत दाखवा.

ओटीपोटात दुखतंय आणि ताप आहे, संबंधानंतर रक्त येतंय, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडतोय, रक्तमिश्रित घाण वासाचं पाणी जातंय, असं असेल तर मात्र तेवढंही थांबू नका. गरोदर असताना पाण्यासारखी धार लागली तर त्याच वेळी प्रसूतिगृह गाठा.

मेडिकलवाल्याची गोळी परत करा. पत्रावरून तरी तुम्हाला गोळीची गरज दिसत नाही. त्या गोळ्या वाईट नसतात, पण बुरशीवरची गोळी जीवाणूंना लागू पडत नाही आणि जीवाणूंवरची बुरशीला. न बघता दिलेली गोळी म्हणजे अंदाजच. डेटॉल, सोडा, लिंबू किंवा सुगंधी ‘वॉश’ आत घालून धुणं तर पूर्ण बंद. आतलं साफ करायला शरीर समर्थ आहे, बाहेर साधं पाणी पुरतं. पावसाळ्यात वसई-विरारच्या चाळीत-इमारतीत निकर सहसा साडीखाली, कुणाच्या नजरेला पडू नयेत अशा ओल्याच टांगलेल्या असतात. त्या उघड्यावर नीट वाळू द्या. ओलसर सिंथेटिक निकर दिवसभर अंगावर राहिली तर बुरशीचं फावतं. लोकलमध्ये तासन्‌तास लघवी दाबून ठेवल्याने पांढरं जात नाही. त्याचा त्रास मूत्रमार्गाला होतो.

असले प्रश्न छापावेत का, असा प्रश्न मला अधूनमधून येतो. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरं देत, त्यासाठी १९३४ साली ते कोर्टात उभे राहिले आणि डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. कर्वे खटला हरले, पण मासिक १९५३पर्यंत चाललं. मी सध्या तरी छापत राहणार आहे.

आता तपासणीविषयी. महापालिकेचं जवळचं आरोग्य केंद्र किंवा वसईतलं सर डी. एम. पेटिट रुग्णालय गाठा. सरकारी रुग्णालयांतली ‘सुरक्षा क्लिनिक’ याच आजारांसाठी आहेत, तिथे औषधं मोफत मिळतात. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, आधीचे दोन दिवस आतून औषध वापरू नका आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्या. डॉक्टर एका छोट्या उपकरणाने योनीमार्ग रुंद करून आत पाहतात, कापसाच्या काडीने थोडा स्राव घेतात, सामूच्या कागदावर लावतात, कधी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. थोडा दाब जाणवतो, फारसं दुखत नाही. खोलीत एक बाई कर्मचारी हवी असं तुम्ही सांगू शकता. लग्न झालेलं नसेल तर आधी तसं सांगा. बरेचदा आत उपकरण न घालताही नमुना घेता येतो. पुढच्या वर्षी तुम्ही तिशीत याल. तेव्हा ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयाचं तोंड पाहण्याची साधी तपासणीही करून घ्या. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८पासून दीड लाखाहून अधिक बायकांसोबत मोठा अभ्यास केला. ज्यांची ही तपासणी दर दोन वर्षांनी, दहावी शिकलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून झाली, त्यांच्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. सासूबाईंना मात्र ही एवढी तपासणी पुरणार नाही. त्यांना सोनोग्राफीही लागेल, ती करून घ्या.