वणवा : सोडून दिलेला अग्नी

संस्कृतात ‘दव’ आणि ‘दाव’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. एक अरण्य, दुसरा अरण्यातला अग्नी. रान आणि रानाची आग कोशकारांनी एकाच शब्दात बसवली. यावरून आम्ही इतकेच घेतो की, रानाशेजारी राहणाऱ्याने आगीचे भान सोडू नये. माघ सरला, पानगळ झाली, गवत वाळले, की डोंगराकडच्या गावांना वणव्याचे दिवस लागतात, ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत. म्हणून या अंकात त्याचाच पाठ घेऊ.

प्रथम महाभारतातील कथा पाहू. आश्रमवासिक पर्वात धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात तप करीत असता गंगाद्वाराजवळ वणव्यात सापडून देह ठेवतात. धर्मराजाला फार दुःख झाले. ज्या अग्नीला अर्जुनाने खांडववन देऊन तृप्त केले, त्यानेच आमच्या मातेला जाळावे काय, असे तो म्हणू लागला. तेव्हा नारदांनी त्याला उलगडा करून सांगितला. तो अग्नी कोणा परक्याचा नव्हता, धृतराष्ट्राच्या स्वतःच्या इष्टीचा होता. याजकांनी इष्टी उरकल्यावर तो निर्जन वनात टाकून दिला आणि ते आपल्या वाटेने निघून गेले. तोच पुढे वाढला.

नारदांनी हे सांगितले ते धर्मराजाच्या सांत्वनासाठी. पण आपल्याला यातून आणखी एक गोष्ट शिकायची आहे. अग्नी मंत्राने संस्कार केलेला होता, हात याजकांचे होते, हेतू शुद्ध होता. तरी सोडून दिल्याबरोबर त्याचा वणवा झाला. मग विडीचे थोटूक, चुलीतले निखारे, बांधावरचा जाळ, रानातल्या देवापुढे जळता ठेवलेला कापूर, यांची काय कथा! अग्नी वाईट नव्हे हो, वाईट ते त्याला सोडून देणे.

आता आपल्याकडची कारणे पाहू. आपल्या देशातले बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. विदर्भात मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणून रान जाळतात. कोकण-मावळात राब भाजताना जाळ बांधाबाहेर जातो. घाटमाथ्यावर गवत जाळतात. सहलीला आलेली मंडळी चूल मांडतात आणि तशीच टाकून जातात. यांतल्या कोणाच्याही मनात रान जाळावे असे नसते, आणि रान तर जळतेच.

शंका : रान भाजले की पुढे गवत चांगले येते, असे जुने लोक सांगतात. ते खोटे काय?

समाधान : अर्धे खरे आहे. जळल्या जागी कोंब लवकर दिसतो, आणि काळ्या जमिनीवर तो अधिकच हिरवा भासतो. पण पाचोळ्यात जे खत होते, त्यातला नत्राचा बराच भाग धुरातून गेला. उरली राख, ती पहिल्या वळवाने ओढ्याला लागली. दरवर्षी भाजलेल्या माळावर गुरांना आवडणारे गवत मागे पडते आणि आगीला न जुमानणारे कुसळी गवत माजते. आपल्या रानातला वणवा बहुधा जमिनीसरशी चालतो. मोठे झाड वाचते, म्हणून माणसाला वाटते काही बिघडले नाही. पण कालची रोपे गेली, भुईवर घरटे करणाऱ्या पाखरांची अंडी गेली, सरडे-कासवे गेली. जमीन उघडी पडली, म्हणजे पाणी मुरायचे ते वाहून जाते. झरा आटला की गावच्या बायांना हंडा घेऊन लांब जावे लागते, तेव्हा कोणाला वणवा आठवत नाही.

शंका : मोह वेचू नये, राब भाजू नये, तर गरिबाने खावे काय?

समाधान : तसं कोण म्हणतो? मोह अवश्य वेचावा. झाडाखाली पाचोळा झाडून बाजूला करावा, किंवा जुने लुगडे वा जाळी अंथरावी. फूल स्वच्छ मिळते. राब भाजायचा तर सकाळी वारा पडलेला असताना भाजावा. भोवतीचे गवत आधी काढून मातीचा पट्टा करावा, पाणी जवळ ठेवावे, शेजाऱ्याला हाक मारावी, आणि राख हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नये. तेंदूबाबत चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचे उदाहरण आहे. २०१२ साली तिथल्या ग्रामसभेला जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपानापायी झाडांच्या फांद्या छाटल्या जातात आणि रानाला आगी लागतात, हे पाहून त्या गावाने आपणहून तेंदू तोडणे बंद केले आणि बांबूवर भर दिला. हातची मिळकत सोडणे सोपे नाही. रान आपले वाटले, म्हणून ते साधले.

शंका : वणवा विझवणे हे वनखात्याचे काम. आम्ही कशाला पडावे?

समाधान : खाते जाळरेषा काढते, म्हणजे गवत-पाचोळा काढून आगीला अडवणारे पट्टे करते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने आग हेरून मोबाईलवर इशारा धाडते. पण उपग्रह आभाळात आणि वनरक्षक चार डोंगरांपलीकडे. पहिला धूर दिसतो तो गुराख्याला. शिवाय १९२७ च्या भारतीय वन कायद्यात, जंगलातून चराई, लाकूडफाटा वगैरे घेणाऱ्याने आगीची खबर द्यावी आणि विझवायला मदत करावी, असे कर्तव्यच सांगितले आहे. राखीव वनात आग लावणे हा तर गुन्हा आहे. महाराष्ट्रात खबर देण्यासाठी वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. तो देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

विझवायला जाताना मात्र उतावीळ होऊ नये. आग चढावर धावते, कारण तिची आच वरच्या गवताला आधीच तापवते. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला उभे राहू नये. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात सहलीची मंडळी वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जीव गेले. वाळल्या गवताचा उतार किती घातक, हे त्यावरून ओळखावे. अंगावर सुती कपडा असावा, नायलॉन नको. हिरव्या डहाळ्याने आग दाबून विझवावी. उंच उगारून झोडपली तर ठिणग्या उडतात. एकट्याने जाऊ नये, आणि मागे सरायची वाट आधी पाहून ठेवावी. जाळ माणसाच्या उंचीचा झाला तर बाजूला व्हावे. रान पुन्हा वाढेल, माणूस परत येणार नाही.

भागवताच्या दशम स्कंधात गोपाळ खेळात रमले, गाई चरत मुंजाच्या वाळल्या रानात शिरल्या आणि वणव्याने घेरल्या. भगवंताने गोपाळांना डोळे मिटायला सांगितले आणि तो अग्नी स्वतः प्राशन केला. ही कथा आम्ही कीर्तनात सांगतो, तेव्हा श्रोते सुखावतात. पण ध्यानात घ्या, गोपाळांनी डोळे मिटले ते देवाच्या आज्ञेने. समोर धूर दिसत असता आपण डोळे मिटतो ते आळसाने. या दोन मिटण्यांत फार अंतर आहे बरं का!

चैत्र-वैशाखात गावोगाव सप्ताह असतात, सारे गाव एका मांडवाखाली बसलेले असते. तेव्हा कीर्तनकारांनी काल्याच्या दिवशी दोन शब्द वणव्याविषयी बोलावेत, आणि पुढच्या माघाच्या आत गावकऱ्यांनी आपल्या शिवाराच्या कडेचा पट्टा झाडून घ्यावा. तुकोबारायांनी झाडावेलींशी नाते जोडले, भंडाऱ्याच्या आणि भामचंद्राच्या डोंगरावर एकांत केला. त्या नात्यातले आपण म्हणवतो, तर सोयऱ्याच्या घराला आग लागलेली पाहत बसू नये.

रामकृष्णहरि.