काडीमोडाचा कागद

ताईनं सगळं सांगितलं गं. रडून झालं असेल तर आता पेन घे. कुटुंब न्यायालयात अर्ज घेणाऱ्या टेबलामागे मी एकवीस वर्षं काढली. कायद्याची पदवी नाही माझ्याकडे, पण कुणाचं कुठे अडतं ते पाठ आहे.

वकील नाही म्हणून बिचकू नकोस. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यात वकील हा पक्षकाराचा हक्कच नाही. उलट वकिलालाच उभं राहायला न्यायाधीशांची परवानगी लागते. ती सर्रास मिळते, म्हणून तर व्हरांड्यात काळे कोट दिसतात. मात्र एकटीनं जायचं ते दोघांची संमती असेल तरच. त्यानं उद्या आरोप ठेवले किंवा पोरीचा ताबा मागितला, तर हट्ट करू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना फुकट वकील देतं, उत्पन्न न बघता. फोन 15100.

तुमचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली, दोघांच्या सह्यांचा. मराठीत चालतो. लग्न सांगलीत, संसार ठाण्यात, आणि तू आता नाशकात, म्हणजे तिन्हींपैकी कुठेही टाकता येईल. त्यालाही रजा काढून यायचंय, हे ध्यानात ठेवून ठरव. लग्नाचा दाखला, दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो. दाखला नसेल तर तो आधी काढून घे.

अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसाल तर तेही वेगळंच धरतात. पण तारीख एकच लिहा. अर्जात गणपती आणि प्रतिज्ञापत्रात दिवाळी, असे किती कागद मी परत पाठवले असतील!

आता अटी. वकिलाची फी वाचवणारे नेमके इथेच फसतात. एका जोडप्यानं लिहून आणलं होतं, 'मुलाचा सर्व खर्च वडील करतील.' मला तेव्हाच खटकलं होतं, पण माझं काम फक्त शिक्के मारायचं. दोन वर्षांनी बाई पुन्हा दारात. 'सर्व' म्हणजे शाळेची फी, असं तो म्हणत होता. ही म्हणत होती क्लास, बूट, दात, सगळं. तेव्हा आकडा लिही. महिन्याच्या कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, दरवर्षी किती वाढ. पोरगी कुणाकडे, सुट्टीत किती दिवस बाबाकडे, तिच्या पासपोर्टच्या अर्जावर सही कोण करणार. स्वतःची पोटगी सोडत असशील तर शंभरदा विचार करून सोड. पोरीची मात्र सोडूच नकोस, तो हक्क तिचा आहे. स्त्रीधन 'मिळाले' असं लिहायच्या आधी डबा उघडून मोज. पाटल्या सासूबाईंच्या कपाटात आणि कागदावर 'मिळाल्या', हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि फ्लॅटच्या कर्जावर तुझंही नाव आहे ना? तुमच्या आपसातल्या अटी बँकेवर बंधनकारक नसतात. हप्ते तो भरेल असं लिहिलंत तरी त्यानं चुकवले की बँक तुलाच गाठणार. नाव काढायचं ते बँकेत जाऊन, आणि आधी.

पैसे एकदम देऊ-घेऊ नका. निकाल होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, कायदाच तसा आहे. थोडी रक्कम अर्जाच्या वेळी, उरलेली शेवटच्या तारखेला डिमांड ड्राफ्टनं, न्यायाधीशांसमोर.

अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. दीड वर्षाहून जास्त वेगळे असाल, समझोत्याचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी, ताबा सगळं मिटलं असेल, तर ही मुदत माफ करायचा अर्ज टाकता येतो. सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये ती वाट मोकळी केली. द्यायची की नाही हे मात्र न्यायाधीशांच्या हातात. माझं विचारशील तर थांबायला लागलं तर थांब. त्या सहा महिन्यांत अटींमधल्या चुका सापडतात.

मधे समुपदेशकाची खोली येते. दोघांना एकत्र विचारतील, वेगवेगळंही विचारतील. पोपटपंची करू नकोस, कुणाचा दबाव असेल तर तिथेच बोल. तारखेला सकाळीच जाऊन बोर्डावर नंबर बघ आणि पुकारा ऐकू येईल एवढ्या अंतरावर बस. चहाला गेली आणि पुकारा झाला, ही आमच्याकडची रोजची रड.

निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाक. प्रमाणित प्रती चार तरी घे: पासपोर्ट, बँक, शाळा, आणि एक माझ्या कपाटात. तू वस्तू कुठे ठेवतेस ते मला माहीत आहे.