लाकडी मोगरी

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. तांब्याच्या पत्र्याला आकार देताना तांबट लाकडी हातोडाही वापरतात. लाकडाच्या घावाने पत्रा वाकतो, परंतु त्यावर सहसा खळगे पडत नाहीत. सुताराच्या मोगरीचे तत्त्व हेच. लोखंडी हातोड्याने पटाशीची लाकडी मूठ फुटते. मोगरीचा घाव ती सोसते.

मोगरीसाठी बाभळीचा वाळलेला, बिनगाठीचा ठोकळा घ्यावा. तो सुमारे १५ सेंटिमीटर लांब, १० उंच व ६ जाड असावा. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने असावेत, म्हणजे घाव तंतूंच्या टोकांवर बसतो आणि ठोकळा सहजासहजी चिरत नाही. गुण्याने रेघा आखून ठोकळ्याच्या मध्यावर वरून खाली आरपार भोक पाडावे. गिरमिटाने पाडलेले भोक पटाशीने नीट करावे. ते वर किंचित रुंद व खाली अरुंद असावे. दांडाही तसाच वरच्या टोकाला जाड तासून वरून भोकात घालावा व खाली ओढून घट्ट बसवावा.

खरी खुबी या उतारात आहे. मोगरी फिरविली की डोके निसटू पाहते; परंतु दांड्याचे जाड टोक त्याला अडविते व पकड अधिकच घट्ट होते. दांडा सरळ असता, तर सैल झालेले डोके उडून शेजारच्या मुलाला इजा झाली असती.

मोगरी घावागणिक झिजते, पण पटाशी वाचविते. झिजलेल्या मोगरीचे दुःख नसते. ती घडविणाऱ्याला दुसरी घडविता येते.