बहात्तर तासांची मुदत

कुटुंब कल्याण कार्यक्रमात आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीचा समावेश होऊन दोन दशके उलटली. २००५ साली ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी मिळाली. पुढे आशा कार्यकर्तीच्या औषधसंचातही ती आली. गोळी अशी गावापर्यंत पोहोचली असली, तरी तिच्याविषयीचे यथार्थ ज्ञान तरुण स्त्रियांपर्यंत तितकेसे पोहोचलेले नाही.

ही गर्भपाताची गोळी होय, हा सर्वांत रूढ गैरसमज. वस्तुतः १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली ही गोळी मुख्यत्वे स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया लांबवते. गर्भ आधीच राहिला असल्यास तिचा उपयोग होत नाही. गर्भपाताची औषधे निराळी असून ती १९७१ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. हा भेद न उमगल्याने काही तरुणी गोळी पाप समजून टाळतात, तर काही पाळी चुकल्यावर ती घेऊन निर्धास्त राहतात. दुसरी चूक अधिक घातक. पुढे मूल होणार नाही, ही भीतीही निराधार आहे. याउलट, तिलाच नेहमीचे साधन मानणाऱ्या तरुणींनी हे जाणले पाहिजे की, नियमित साधनांइतकी ती परिणामकारक नाही आणि एचआयव्हीसारख्या संसर्गापासून मुळीच संरक्षण देत नाही.

संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि त्यातही जितकी लवकर तितकी, ही गोळी गुणकारी ठरते. दोन तासांत उलटी झाल्यास ती पुन्हा घ्यावी लागते. पाळी आठवड्याहून अधिक लांबल्यास गर्भतपासणी करून घ्यावी. पाच दिवसांपर्यंत तांबी बसवून घेण्याचा पर्याय याहून खात्रीचा आहे.

परंतु हे मोलाचे तास संकोचात जातात. गावातील औषध दुकानदार वडिलांच्या ओळखीचा, आशाताई आईच्या मैत्रिणीसारखी. अविवाहित मुलीने मागावी कुणाजवळ? नवविवाहितेलाही घरातून एकटीने बाहेर पडण्यास कारण सांगावे लागते. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले, त्यास शतक लोटले. गर्भपाताच्या कायद्यातही २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ आला. दुकानासमोरील नजरा मात्र जुन्याच आहेत.

शिक्षिका आणि पंचायतीच्या महिला सदस्या यांनी आशा कार्यकर्तींशी याबाबत मोकळेपणाने बोलून ठेवावे. मागायला आलेल्या मुलीला लग्न झाले का, हे विचारण्याआधी किती तास झाले, हे विचारावयास हवे.